काटेवालीची झोप

तिला सगळे काटेवाली म्हणत. खरं नाव होतं, पण ते दवाखान्याच्या कागदापुरतं, आणि तिथेही कारकुनाने त्यात एक काना जास्तीचा घालून ठेवला होता. वजनकाटे तपासायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे आणि बरोबर झाले की त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे काम ती बारा वर्षं करत होती. दुकानांचे काटे, सोनारांचे काटे, पार्सलं जोखायचे काटे, तान्ही बाळं जोखायचे काटे, सगळे तिच्या हाताखालून जात. कुणाच्या काट्यात किती खोट आहे हे तिला तोंडपाठ असल्यामुळे बाजारात तिच्याशी कुणी फारशी सलगी करत नसे, पण माल मात्र सगळे मापात द्यायचे.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. खिडक्या बंद आणि पंखा बंद, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही सोनाराच्या काट्याचं पारडं हलतं. पितळी वजनं मखमलीच्या खाचांत ठेवलेली, ती चिमट्यानेच उचलायची. तिला हे सगळं शिकवलं ते मिस्त्रींनी. मिस्त्री कमी बोलत आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत: आकडा बघण्याआधी ओटा बघ. काटा ज्यावर ठेवायचा तो ओटा कललेला असेल, बाहेरून ट्रक गेल्याने हादरला असेल, काटा सुरू करून पुरेसा वेळ झाला नसेल, तर आलेलं माप धरायचं नाही. तो चुकीचा आकडा नव्हे, तो आकडाच नव्हे. आधी सगळं जागच्या जागी आणायचं, मग पुन्हा माप घ्यायचं आणि तेच वहीत चढवायचं. ही शिस्त तिच्या हाडीमाशी खिळली होती.

घरीही तिचं हेच. भिंतीवर फळी लावायची तर आधी लेव्हल आणा, त्यातला बुडबुडा मधोमध येऊ द्या, मग खिळा. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने सासूबाईंचा स्वयंपाकघरातला काटा उघडून बघितला आणि तो अकरा ग्रॅमनी मागे असल्याचं चारचौघांत जाहीर केलं. सासूबाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, "माझा काटा अकरा ग्रॅमनी मागे आणि माझी सून दोन पावलं पुढे. म्हणजे घराचं माप बरोबर आलं." तेव्हापासून दोघींचं छान जमलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वरखाली न्यायची काळजी वाहून तो घरी यायचा आणि उशीला डोकं टेकलं की घोरायला लागायचा. घोरण्याच्या बाबतीत मायलेक एकमेकांना ऐकत नसत. झोप न लागणारं माणूस त्या घराण्यात आजवर जन्मालाच आलं नव्हतं, त्यामुळे झोप उडाली की माणसाचं काय होतं हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर, पस्तिसाव्या वर्षी तिला दिवस राहिले. घरात आनंदीआनंद. सहाव्या महिन्यात दवाखान्यात गोड पाणी पाजून रक्त तपासलं आणि साखर जास्त निघाली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. हा गरोदरपणातला मधुमेह. आईच्या रक्तातली साखर बाळापर्यंत पोचते, बाळ नको तेवढं वाढतं, त्याला पुढे त्रास होऊ शकतो. खाणंपिणं सांभाळा, रोज चाला, रोज रक्त तपासून वहीत लिहा. आकडा आवाक्यात राहिला तर बहुतेक बायकांचं सगळं सुरळीत होतं. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा पंच्याण्णवच्या खाली हवा.

काटेवालीला याची भीती वाटली नाही. उलट बरंच वाटलं. बोटाला टोचायचं यंत्र मिळालं, पट्ट्यांची डबी मिळाली, रकाने आखलेली वही मिळाली. मोजायचं आणि लिहायचं, हे तर तिचं माहेरच. पहिला आठवडाभर तिने सगळे आकडे सुवाच्य अक्षरात भरले. एकही पंच्याण्णवच्या वर नव्हता.

मग ती बाकावरची बाई भेटली.

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. शेजारी एक बाई बसली होती, कुणाला तरी सोबत म्हणून आलेली, हातात बिस्किटांचा पुडा. तिने काटेवालीच्या मांडीवरची वही बघितली आणि विचारलं, "साखर का? माझ्या जावेलाही होती." पुढचं तिने बिस्किट चावता चावता सांगितलं. "तिचं रात्रीत झालं बघा. ही आपली गाढ झोपलेली. सकाळी उठली तर पोटात काही हालचालच नाही. जागी असती तर कळलं तरी असतं." एवढं बोलून तिने पुडा पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "तुम्हाला चालायचं नाही म्हणा." मग नंबर पुकारला आणि ती निघून गेली. अशा माणसांना कुणीतरी दवाखान्याच्या दारातच अडवायला हवं, पण ती बाहेरून तुमच्याआमच्यासारखीच दिसतात.

त्या रात्री काटेवाली डाव्या कुशीवर पडली, पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मिटल्याबरोबर उघडले. जागी असती तर कळलं तरी असतं. हे वाक्य तिच्या मनात असं रुतलं की काही केल्या निघेना. बाजूला नवरा घोरत होता, पलीकडच्या खोलीत सासूबाई घोरत होत्या, आणि अख्ख्या घरात पोटातल्या जिवाकडे लक्ष असलेली ती एकटीच होती. आपण झोपलो तर कुणाचंच लक्ष नाही. बाळ तेवढ्यात जाईल. आपण झोपलेले असू आणि ते जाईल.

पहाटे नवरा उठला तेव्हा ती डोळे मिटून पडली होती, म्हणून त्याला वाटलं झोपली आहे. पुढचे सात आठवडे त्याला हेच वाटत राहिलं.

जागं राहण्यालाही एक पद्धत लागते, आणि ती तिने लगेच घालून घेतली. दर अर्ध्या तासाने निदान एक हालचाल जाणवलीच पाहिजे. जाणवली की तेवढा अर्धा तास सुटका. नाही जाणवली की तोंडचं पाणी पळायचं. आधी ती कूस बदलायची. मग बोटाने पोट हळूच दाबायची. मग उठून गार पाणी प्यायची. तरी काही नाही, असं तिसऱ्या की चौथ्या रात्री झालं. अडकलेला काटा जिवंत आहे की नाही हे बघायला कारखान्यात त्यावर एक छोटं वजन टाकून बघतात. स्वयंपाकघरात अंधारात उभी राहून तिने पाण्यात दोन चमचे साखर ढवळली आणि गटागटा प्यायली. दहा मिनिटांत आतून सणसणीत लाथ बसली. तिच्या जिवात जीव आला. ती तिथेच जमिनीवर बसली आणि थोडा वेळ रडली.

ती मूर्ख नव्हती. साखर आपल्याला वर्ज्य आहे हे तिला कळत होतं. पण एका बाजूला दोन चमचे साखर आणि दुसऱ्या बाजूला बाळाचा जीव, यात कुठलं पारडं जड हे काय मोजून बघायला हवं? तिने ते मोजलंच नाही. मोजण्यात जिचं आयुष्य गेलं तिने नेमकं हेच मोजायचं राहू दिलं. मग ते रोजचं झालं. कधी एकदा, कधी दोनदा.

सकाळी बोटाला टोचलं की आकडा यायचा एकशे बारा. एकशे सोळा. एकदा एकशे तेवीस. पहिल्यांदा तो आकडा बघून ती घाबरली. आणि मग तिच्यातली काटेवाली पुढे आली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतोय, छातीत धडधड. हा कसला आकडा? ओटाच समतल नाही. हे माप धरायचं नाही. नवरा कामावर गेला आणि सासूबाई बाजारात गेल्या की ती उपाशीपोटीच पडायची. दिवसा उजेड असे, रस्त्यावर माणसं असत, बाळही जरा जास्त हले, त्यामुळे तास-दीड तास डुलकी लागायची. दहा-साडेदहाला उठून ती पुन्हा टोचायची. त्र्याण्णव. हे खरं माप. ते ती सकाळच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहायची, काहीतरी खायची आणि उशिराने कामावर जायची. आपण काही लपवतोय असं तिच्या मनातही आलं नाही. कुणी म्हटलं असतं की तू खोटं लिहितेस, तर तिने त्याला उभा फाडला असता.

दवाखान्यात मनाचीही तपासणी होत असे. दहा प्रश्नांचा कागद, समोर चौकोन, त्यात खूण करायची. गेल्या आठवड्यात काही कारण नसताना तुम्हाला भीती वाटली का? काटेवालीने नीट विचार केला आणि "नाही" वर खूण केली. कारण होतं की. झोपण्यासाठी रोज किती तास अंथरुणावर असता? आठ. तेही खरंच होतं. कागदाने जे विचारलं नाही ते तिने सांगितलं नाही, आणि कागदावर शेरा पडला की मनःस्थिती उत्तम.

मनःस्थिती अशी होती की न्हाणीघराचं दार ती आतून लावत नसे, कारण आत काही झालं तर लोकांना दार फोडायला वेळ लागेल. जिना उतरताना ती मध्येच थांबून श्वास रोखायची आणि पोटाचा कानोसा घ्यायची. सासूबाईंनी दुपट्यांसाठी मऊ जुनं कापड काढलं तेव्हा तिने ते परत कपाटात ठेवायला लावलं. "इतक्यात नको," एवढंच ती म्हणाली. सासूबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं.

"अगं, तुझे डोळे बघ कसे खोल गेलेत. झोपतेस ना नीट?"

"झोपते की, आई. तुमचं घोरणं ऐकत ऐकत झोपते."

सासूबाई हसल्या. विनोद चांगला होता, म्हणून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हसवणाऱ्या माणसाची काळजी करायचं आपल्याला सुचत नाही.

चौतिसाव्या आठवड्यात कारखान्यात एक काटा आला. बाळं जोखायचा, वाकड्या पन्हाळीसारख्या पांढऱ्या पारड्याचा. असे काटे तिने शेकड्याने तपासले होते. तिने ओटा बघितला, बुडबुडा बघितला, पारड्यात तीन किलो दोनशे ग्रॅमची वजनं मांडली. आणि तिला ती वजनं दिसेनाशी झाली. नुसतं पांढरं पारडं दिसायला लागलं, आणि त्यात काहीतरी ठेवलेलं, फडक्यात गुंडाळलेलं, न हलणारं. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. पितळी वजनं जागच्या जागी होती. तिने आकडा वहीत लिहिला, शिक्का मारला आणि काटा पुढे सरकवला.

मिस्त्रींनी वही बघितली. मग काटा बघितला. मग तिला बघितलं.

"दोन किलो तीनशे लिहिलंयस," ते म्हणाले.

तिने बघितलं. खरंच तसं लिहिलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"बरं नाही का?"

"काही नाही. जरा जागरण झालंय."

मिस्त्रींनी तो काटा तिच्यापासून लांब नेऊन ठेवला. रागाने नव्हे. "पोरी, तू उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. "बाळंतपण होईपर्यंत घरी राहा आणि झोप काढ. काटे कुठे पळून जात नाहीत." घरी जाऊन झोप काढ, असं म्हणत होते. ते तिला झोपायला सांगत होते.

दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी होती. नवरा रजा काढून सोबत आला होता. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या, माप घेतलं, पुन्हा घेतलं. मग कपाळाला आठी घालून त्यांनी वही उघडली. बाळ चौतीस आठवड्यांच्या मानाने बरंच मोठं होतं. भोवती पाणीही जास्त होतं. आणि वहीत तर सगळे आकडे नाकासमोर चालणारे.

"ही वही तुम्हीच लिहिता?"

"हो."

"यंत्रात बघून, की अंदाजाने?"

काटेवालीला ते झोंबलं. "अंदाजाने आकडा लिहिणाऱ्यातली मी नाही. यातला एकही आकडा खोटा नाही."

"मग सकाळचा किती वाजता घेता?"

ती थांबली. "दहा. साडेदहा."

"आणि उठल्या उठल्या घेत नाही?"

"घेते. पण तो धरत नाही."

"धरत नाही म्हणजे काय?"

मग तिने समजावून सांगितलं, जसं नवीन शिकाऊ माणसाला सांगावं तसं. रात्री झोप नसली की आकडा चढतो. तो आकडा जागरणाचा असतो, आपला नसतो. म्हणून थोडी झोप काढायची, शरीर जागेवर आणायचं आणि मग माप घ्यायचं. बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज विचित्र वाटायला लागला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाई, बाळ साडेदहापर्यंत थांबत नाही," त्या म्हणाल्या. "साखर जेवणाची असो की जागरणाची, त्याला ती सगळी पोचते. तुम्ही टाकून दिलेला आकडा त्याला टाकून देता येत नाही."

काटेवालीने वही पुढे ओढली आणि सकाळच्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"जागरण कसलं?" नवरा मध्येच म्हणाला. "डॉक्टर, ही माझ्या आधी झोपते."

"नाही झोपत," ती म्हणाली. "सात आठवडे झाले."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो सात आठवडे तिच्या शेजारी झोपला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे न बघता तिला विचारलं, "रात्री जागून काय करता?"

आता थांबता येईना. तिने बाकावरची बाई सांगितली. अर्धा अर्धा तास सांगितला. गार पाणी सांगितलं. आणि मग साखरेचं सांगितलं.

"किती साखर?"

"दोन चमचे. कधी तीन. हलेपर्यंत."

ज्या गोष्टीपासून आपण बाळाला वाचवत होतो ती गोष्ट आपणच रोज रात्री ढवळून त्याला पाजत होतो, हे तिला स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. तिने हातांकडे बघितलं. हात तिचेच होते. तिला इतकी भीती वाटली की सात आठवड्यांची भीती त्याच्यापुढे काहीच नव्हती, कारण आतापर्यंत ती झोपेला भीत होती आणि आता तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

"मी मारलं का त्याला?" तिने विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. "आत्ता ठोके आपण सगळ्यांनी ऐकले. आज ते ठीक आहे. पुढचा शब्द मी कुणालाच देत नाही, तुम्हालाही खोटा देणार नाही. पण आज दाखल व्हा. सकाळचा आकडा आमची सिस्टर घेईल आणि जो येईल तोच लिहील. इन्सुलिन सुरू करू. आणि ही जी भीती आहे ना, तिच्यासाठीही डॉक्टर आहेत. ती अंगावर काढायची नसते. मीच तुम्हाला नीट विचारायला हवं होतं. आमचा कागद कमी पडला."

वॉर्डात चार खाटा होत्या, दोन रिकाम्या. पहिल्या सकाळी सिस्टरने बोटाला टोचलं आणि एकशे एकोणतीस लिहिलं. काटेवालीने तो आकडा वाचला. रात्री साखर नव्हती, तरीही. जागरण होतं, तेवढं पुरलं. सिस्टरने तो आकडा लिहून वही मिटली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली, जणू काही झालंच नाही.

मग मनाचे डॉक्टर आले. ते स्टुलावर बसले आणि त्यांच्याकडे दहा प्रश्नांचा कागद नव्हता. त्यांनी एकच विचारलं. "झोप लागली तर काय होईल असं वाटतं?"

"मरेल," ती म्हणाली. हा शब्द तिने पहिल्यांदाच तोंडातून काढला. म्हटल्यावर तिचे दात वाजायला लागले. डॉक्टरांनी तिला असं बोलू नये म्हणून सांगितलं नाही की हसण्यावारी नेलं नाही. ते तिचे दात थांबेपर्यंत बसून राहिले, मग म्हणाले की रोज येईन, आणि सध्या एकच काम करायचं, दुपारी पडायचं आणि डोळे मिटायचे. झोप आली तर आली. पट्टा लावून बाळाचे ठोके दिवसातून तीनदा बघतील, तेवढा पहारा दवाखाना करेल.

दुपारी सासूबाई आल्या. लेकाने त्यांना सगळं सांगितलेलं होतं. त्या नेहमीसारखं बोलल्या नाहीत. खुर्ची खाटेजवळ ओढून त्यांनी सुनेच्या कपाळावर हात ठेवला. "मला का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं रात्रपाळी केली. जागायला मला शिकवायला लागलं नसतं. आता तू झोप. मी बसलेय इथे. टक्क जागी."

पाच मिनिटांत त्या खुर्चीत मान टाकून घोरायला लागल्या.

काटेवालीने त्यांच्याकडे बघितलं. पहारेकरी गेला. सिस्टर बाहेर कुठेतरी, नवरा कामावर, आणि पोटातल्या जिवाकडे लक्ष असलेलं पुन्हा तिच्याशिवाय कुणी नाही. तिने डोळे ताणून उघडे ठेवले. पंख्याची पाती मोजली. घोरणं मोजलं. आणि मोजता मोजता कधी आकडा चुकला ते तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकून भिंतीवर चढलं होतं. घड्याळात सव्वापाच. ती साडेबाराला पडली होती. पावणेपाच तास.

तिने पोटावर हात ठेवला. काही नाही.

तिने श्वास रोखला. काही नाही. हात दुसरीकडे सरकवला, खाली, बाजूला. पोट तिच्या हाताखाली गरम होतं आणि गप्प होतं. बाकावरची बाई बिस्किट चावत म्हणाली, सकाळी उठली तर हालचालच नाही. तिने उशाशी असलेली घंटी दाबली आणि दाबतच राहिली.

सिस्टर धावत आली. सासूबाई दचकून उठल्या. "हलत नाही," काटेवाली म्हणाली. "मी झोपले. मी झोपले आणि ते हलत नाही."

सिस्टरने काही न विचारता पट्टा बांधला, यंत्र सुरू केलं. आधी नुसती खरखर. पट्टा जरा खाली सरकवला. खरखर. काटेवालीने सासूबाईंचा हात इतका आवळला की त्यांची बांगडी तिच्या तळव्यात रुतली. आणि मग ठोके लागले, भरभर, न थांबता, खोलीभर.

सिस्टर यंत्रातून निघणारी पट्टी बराच वेळ बघत उभी राहिली. "छान आहे," ती शेवटी म्हणाली. "झोपलंय."

"काय?"

"बाळ. झोपलंय. पोटात ती पुष्कळ वेळ झोपूनच असतात. अर्धा तास, पाऊण तास हलत नाहीत, मग उठतात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

काटेवालीने मान हलवली. नव्हतं सांगितलं. तिनेही विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढून सात आठवड्यांच्या रात्री सरकल्या. दर अर्ध्या तासाला ते गप्प झालं की तिने त्याला दाबलं होतं, गार पाण्याने दचकवलं होतं, साखर पाजून लाथ मारायला लावलं होतं. त्या घरात सात आठवडे झोप न मिळालेली माणसं एक नव्हती, दोन होती.

सिस्टर म्हणाली, तासाभराने पुन्हा बघते, तोवर आपलं आपण उठेल. ती गेली. यंत्र बंद झालं तसे ठोके ऐकू येईनासे झाले आणि पोट पुन्हा गप्प झालं. काटेवालीचं बोट सवयीने पोटावर टेकलं, दाबण्यासाठी. तिला भयंकर भीती वाटत होती. तिने बोट उचललं, हात उशीखाली घातला आणि बाळाला झोपू दिलं.